अकरावी मान

नोव्हाय, मिशिगन
५ फेब्रुवारी २०२३

चि. ओजस,

'अनेक आशीर्वाद' लिहिलं आणि खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून कागद बदलला नाही.

ईमेल तुझी मॅनेजर वाचते आणि फोनवर माझा आवाज चढतो. म्हणून हे पत्र, तुझ्या आईच्या पत्त्यावर. प्रतिमाताईंकडे मिनेसोटात ईडन प्रेरीला तू दर रविवारी जेवायला असतोस, एवढं मला अजून ठाऊक आहे.

कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनाचा व्हिडिओ पाहिला. सुनेत्रानेच टीव्हीवर लावला. "अहो, तुमची गिटार," म्हणाली, आणि हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसली. तू स्टुलावर, मागे गिटार बनवणाऱ्या कंपनीचं नाव, मांडीवर निळी गिटार, वर खुंट्यांपाशी तुझी सोनेरी सही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, गिटारची मान अशी कशी? एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ, मागे अंगठ्यासाठी खळगा? तू हसून म्हणालास की वाजवता वाजवता सुचत गेलं, आणि सुरुवातीचे काही नमुने मिशिगनमधल्या एका 'लोकल गाय'ने करून दिले.

ते दोन शब्द मी मराठीत लिहून पाहिले. लोकल गाय. दूध देते, तिचं नाव कुणी विचारत नाही.

तर गायीची ओळख पुन्हा करून देतो. इथल्या मोटारींच्या धंद्यात मी एकतीस वर्षं काढली, आणि त्यातली बहुतेक गाडीचा आवाज दाबण्यात गेली. दार कुरकुरू नये, स्टिअरिंग थरथरू नये. काही ऐकू आलं की ती माझी चूक. रिटायर व्हायच्या आधीच बेसमेंटमध्ये गिटार करायला लागलो, कारण तिथे ऐकू आलं की मी बरोबर. २०१७ साली आमच्या मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या ऑडिटोरियममध्ये, तू इलेक्ट्रिक गिटारवर यमन वाजवणार होतास. सत्तावीस वर्षांचा. तालमीच्या वेळी तुझी गिटार भुंग्यासारखी गुणगुणत होती. मी गाडीतून सोल्डरिंगचं सामान आणलं आणि ती गप्प केली. मग कार्यक्रमात तू तार ओढून अशी मींड घेतलीस की पहिल्या रांगेतल्या डॉक्टरमंडळींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

तेव्हापासून दोन वर्षं तू माझ्या गिटारी वाजवल्यास. मार्च २०१९ मध्ये फोन न करता आलास. सुनेत्राने खिचडी केली होती. तिला हात न लावता थेट खाली आलास आणि डावा पंजा माझ्या टेबलावर ठेवलास.

"काका, हे बोट माझं ऐकत नाही."

अनामिका. गिटार हातात घेतली की ती आपोआप तळव्याकडे वळायची. कप धरताना नाही, टाइप करताना नाही, फक्त गिटारवर. डॉक्टर म्हणाले होते, बोटाला काही झालेलं नाही, मेंदूतला त्या बोटाचा नकाशा पुसट झालाय. हे फक्त तुला, तुझ्या आईला आणि डॉक्टरला माहीत होतं. चौथा मी. "काकूलाही सांगू नका," म्हणालास. मी नाही सांगितलं. चार वर्षं.

मग मी दहा माना केल्या आणि दहाही वाया गेल्या. ओल्या मातीत तुझ्या मुठीचे ठसे घेतले. मॅपलचं लाकूड, त्यावर कानस, पुन्हा तुझी मूठ, पुन्हा कानस. दर दोन महिन्यांनी तू मिनेसोटाहून यायचास, वाजवायचास, बोट वळायचं. अकराव्या मानेला मागे तो खळगा केला. अंगठा त्यात बसला की मनगट जरासं फिरायचं, आणि अनामिका उघडीच राहायची. पहिल्यांदा ती तशी राहिली तेव्हा तू वाजवायचा थांबलास. "काका, हलू नका," म्हणालास. जणू मी श्वास घेतला तर ती पुन्हा वळेल.

हे तुला सुचत गेलं होय रे?

कंपनीशी बोलणी केलीस तेव्हा मला एका शब्दाने विचारलं नाहीस. ठीक आहे. आता एकच कर. पुढच्या मुलाखतीत माझं नाव घे.

चारूकाका

•

नोव्हाय
२३ एप्रिल २०२३

ओजस,

अकरा आठवडे झाले. पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस. पोस्टाचा कागद माझ्याकडे आहे, त्यावर प्रतिमाताईंची सही आहे.

तुला कळलं असेलच. शिकागोचा संजीव माझ्याकडे आला होता. तो गिटार बनवणाऱ्यांवर पॉडकास्ट करतो, पुष्कळ लोक ऐकतात. आपला माणूस आहे, अभ्यास करून येतो. दोन तास बेसमेंटमध्ये बसला. माझ्या हातांबद्दल इतके प्रश्न आयुष्यात कुणी विचारले नव्हते. कुठल्या लाकडाला कुठला वास येतो तेसुद्धा विचारलं.

मग विचारलं, ही मान अशी का?

मी इंजिनियर आहे. 'का' विचारलं की कारण सांगतो. एका वादकाच्या बोटाला एक अडचण होती, तिच्यावर हा उपाय, एवढं मी सांगितलं. खोटं एक अक्षर नाही. नाव मी घेतलं नव्हतं. आता तशी गिटार जगात एकाच माणसाच्या हातात असेल तर त्याला मी काय करू?

तू जर फेब्रुवारीत एक फोन केला असतास तर संजीवला मी चहा पाजून परत पाठवलं असतं. हे तुझ्या मनाला लावून घे.

चारुदत्त

•

नोव्हाय
१८ जून २०२३

ओजस,

गेल्या पत्रात अर्धंच लिहिलं. आता राहिलेलं लिहितो.

संजीवने विचारलं, "हा वादक म्हणजे ओजसच ना?" मी म्हणालो, "हो. डावी अनामिका." त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. म्हणाला, "काका, हे ठेवू का काढू? आत्ता सांगू नका. दोन दिवस विचार करा." भला माणूस. त्याने मला दोन दिवस दिले. ते दोन्ही दिवस मी तुझा तो स्टुलावरचा व्हिडिओ बघत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी कळवलं, ठेव.

म्हणजे ते तोंडातून निसटलं नाही. मी ते ठेवलं.

पुढचं मीही बघतोय. लोकांनी तुझे जुने कार्यक्रम संथ करून लावलेत आणि त्या बोटाभोवती लाल गोल काढलेत. 'बघा, इथे तीन मिनिटं बारा सेकंदांना वळलं.' वाईट कुणीच बोलत नाही. सगळे हळहळतायत, हातावरच्या व्यायामांचे व्हिडिओ पाठवतायत, तुला 'शूर' म्हणतायत. शिव्या दिल्या असत्या तर तू वाजवलं असतंस. तूच मला सांगितलं होतंस की त्या बोटाकडे लक्ष गेलं की ते हमखास बिघडतं. आता सगळ्यांचंच लक्ष तिथे आहे. बोस्टन रद्द, डेन्व्हर रद्द. कंपनीच्या वेबसाइटवर निळ्या गिटारखाली 'सध्या उपलब्ध नाही' असं आलंय.

परवा प्रतिमाताईंचा फोन आला. चढ्या आवाजात नाही. त्यांचा आवाज कधी चढतच नाही.

"चारुदत्त, एकच विचारायचंय. रागाच्या भरात बोललात, की ठरवून?"

"रागाच्या भरात," मी म्हणालो.

"मग मी त्याला तसं सांगते. तेवढंच त्याला जरा बरं वाटेल."

त्यांना मी खोटं सांगितलं हे वर लिहिलंच आहे. ते त्यांना सांगायचं की नाही, तू ठरव.

सुनेत्राने ते गाडीत ऐकलं. आम्ही इंडियन ग्रोसरीला चाललो होतो आणि तिने कौतुकाने माझा पॉडकास्ट लावला होता. बोटाचं आलं तशी तिने गाडी एका बँकेच्या पार्किंगमध्ये नेऊन उभी केली. "चार वर्षं तो माझ्या हातचं जेवला, आणि त्याचं बोट दुखतंय हे मला माहीत नाही?"

"दुखत नव्हतं. वळत होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "चूक काढायला हीच वेळ सापडली तुम्हाला?"

ती आता आसावरीकडे, आमच्या मुलीकडे, सिअॅटलला गेली आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

आणखी एक. तू मला विचारलं नाहीस असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. विचारलं होतंस, दोनदा. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या किचनमध्ये बसून सगळं समजावून सांगितलंस. कंपनी माझं नाव द्यायला तयार आहे, मान जिथे अंगाला जोडतात तिथे आतल्या बाजूला छापणार. मी म्हणालो, "स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाही असलं नाव मला नको. खुंट्यांपाशी, तुझ्या सहीशेजारी, नाहीतर कुठेच नको." तू म्हणालास, "काका, तिथे दोन नावं बसत नाहीत, आय ट्राइड." मी म्हणालो, "मग तुझं काढ." पंधरा दिवसांनी पुन्हा फोन केलास, तेव्हा तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत ठेवून दिला.

तेव्हा माझं नाव तू गाळलंस त्याला मीच जबाबदार. पण 'लोकल गाय' म्हण असं मी सांगितलं नव्हतं. एवढं माझं म्हणणं अजून आहे.

चारुदत्त

•

नोव्हाय
३० ऑक्टोबर २०२३

ओजस,

शनिवारी तुझ्या आईच्या अंगणात जे झालं ते लिहून ठेवतोय. तिथे मी जे बोलायला आलो होतो ते सोडून भलतंच बोललो.

अकरा तास गाडी चालवली. मधे विस्कॉन्सिनमध्ये एका मोटेलात राहिलो आणि सकाळी बाथरूमच्या आरशासमोर म्हणून पाहिलं, 'ओजस, मी चुकलो.' तीन शब्द. साठ वर्षांचा माणूस पाठांतर करत होता. दुपारी पोचलो तेव्हा तू पानं गोळा करत होतास. दाढी वाढलेली. हातात दंताळं. मला बघून थांबला नाहीस.

"काका, यायच्या आधी टेक्स्ट करायचा."

"तू ब्लॉक केलंयस."

"हो. तोच माझा टेक्स्ट होता."

मी म्हणालो, "हात कसा आहे?"

"पानं गोळा करायला फर्स्ट क्लास आहे."

इथे मला ते तीन शब्द म्हणायचे होते. त्याऐवजी तोंडातून निघालं, "तू मला लोकल गाय म्हणालास."

तू दंताळं झाडाला टेकवलंस. मला वाटलं आता ओरडशील. तसा तू कधी ओरडत नाहीस, आईवर गेलायस.

"म्हणालो. दॅट वॉज चीप. कॅमेरा ऑन होता, मान अशी का हे कुणी विचारलं की मी फ्रीझ होतो, काहीतरी बोलून विषय संपवायचा होता. तुमचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न तुम्हाला गेला असता. मला त्याचीच भीती होती, काका."

तू तसाच पुढे बोलत राहिलास.

"तुमचं पत्र आलं तेव्हा आईने वाचून दाखवलं. दोनदा. मी म्हटलं, इंग्लिशमध्ये नाही, काकांना मराठीतच लिहिणार. मला देवनागरी लिहायला किती वेळ लागतो माहितीये? रोज रात्री जेवल्यावर आईबरोबर चार-पाच ओळी. शी करेक्टेड माय वेलांट्या. एप्रिलपर्यंत दोन पानं झाली होती. मग एका मित्राने संजीवच्या पॉडकास्टची लिंक पाठवली."

"कुठे आहेत ती पानं?"

"रिसायकलमध्ये गेली. मंडे पिकअप."

तू हे माझ्यावर सूड म्हणून सांगितलं नाहीस. कचऱ्याची गाडी कधी येते तेवढ्याच सुरात सांगितलंस.

मग तू म्हणालास, "तुम्हाला तुमचं नाव पाहिजे होतं ना? आता मिळालं. लोक माझं नाव सर्च करतात, सेकंड रिझल्ट तुम्ही असता. मी आता एका शाळेत म्युझिक थिअरी शिकवतो. तिथल्या मुलांनी पण ऐकलंय. फर्स्ट डेला एकीने विचारलं, व्हिच फिंगर?"

प्रतिमाताई दारात येऊन उभ्या होत्या. "पाणी देऊ का चारुदत्त?" असं विचारलं. मी नको म्हणालो. पाणी प्यायला थांबलो असतो तर तिथेच पायरीवर बसलो असतो. गाडीत तुझ्यासाठी केलेली नवी गिटार होती, बारावी मान. ती बाहेर काढलीच नाही. तू पुन्हा दंताळं उचललंस, आणि मी गाडी मागे घेताना तू वाटेतली पानं बाजूला केलीस, टायर घसरू नयेत म्हणून.

आता लिहितो. ओजस, मी चुकलो. कागदावर सोपं आहे.

चारुदत्त

•

नोव्हाय
१९ मे २०२४

ओजस,

सुनेत्रा मार्चमध्ये परत आली. बोलतो आम्ही. आज काय भाजी, हीटरवाला कधी येणार, एवढं सगळं बोलतो. ती डॉक्टरकडे जाऊन आली हे मला फार्मसीच्या पिशवीवरून कळलं. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, नेहमीचंच." आता तिला काय होतं ते मला माहीत नाही आणि ते मला माहीत नसावं असं तिला वाटतं.

त्या पॉडकास्टनंतर बोटं वळणारे किती वादक मला लिहितात, तू कल्पना करणार नाहीस. ब्राझीलचा एक म्हातारा, ओरेगनमधली एक चर्चमध्ये वाजवणारी बाई. सगळ्यांना तीच मान हवी आहे. कंपनीचाही माणूस येऊन गेला, 'हातांच्या तक्रारींसाठी खास गिटार' काढू या म्हणाला, आणि खुंट्यांपाशी माझं नाव. एकट्याचं. मी त्याला चहा दिला आणि दारापर्यंत पोचवलं. बाकीच्यांना लिहिलं की त्या मानेचा ठसा एका माणसाच्या मुठीचा आहे, त्याला विचारल्याशिवाय मी करत नाही. तुला विचारायची माझी हिंमत नव्हती. म्हणून ती बारावी मानेची सोडली तर वर्षभर मी एकही गिटार केली नाही. हे तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. खाली गेलो की काय करावं ते सुचत नाही, एवढंच.

गेल्या आठवड्यात सलोनी आली. तुला ती कोण ते सांगायला नको. पेनसिल्वेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करते, मूळची नागपूरची, सव्वीस वर्षांची. बसने पिट्सबर्ग, तिथून दुसऱ्या बसने डेट्रॉइट, तिथून कुणाच्या तरी गाडीने दारात. सुनेत्राने पोहे केले. सुनेत्राला ती पहिल्या मिनिटाला काकू म्हणाली. मला मात्र 'मिस्टर पाळंदे'. मराठीत बोलताना मधेच मिस्टर पाळंदे.

खाली आल्यावर म्हणाली, "मला अकरावी मान हवी आहे. जशीच्या तशी."

मी नेहमीचं सांगितलं. ज्याची आहे त्याची परवानगी लागेल.

"आहे. ओजसदादाने दिलीय."

मला खरं वाटलं नाही. म्हणालो, "दाखव."

तिने जरा वेळ विचार केला, मग फोन काढला, तुझा मेसेज शोधला आणि माझ्यापुढे धरला. खालच्या दोन ओळींवर तिने अंगठा ठेवला होता. वरचं मी वाचलं. 'ते करून देतील. दुसऱ्या कुणाला जमणार नाही. माझी हरकत नाही.' देवनागरीत लिहिलं होतंस. सगळ्या वेलांट्या बरोबर. मी चष्मा नीट करायला वाकलो तेव्हा तिचा अंगठा सरकला. तिने मुद्दाम केलं नाही, बिचारी कानापर्यंत लाल झाली.

'गिटार घे आणि नीघ. त्यांना स्वतःबद्दल काहीही सांगू नकोस.'

मी चष्मा काढून पुसला. ती म्हणाली, "सॉरी, मिस्टर पाळंदे." मी म्हणालो, "बरोबर लिहिलंय त्याने. बस."

मग माप घेतलं. मातीचा गोळा मळून दिला, तिने डाव्या मुठीत दाबला. बोटांच्या पेरांचे, अंगठ्याच्या मुळाचे, मनगटाचे आकडे वहीत लिहिले. वहीत वर नाव लिहायची माझी पद्धत आहे, ते लिहिलं नाही. वर सुनेत्रा भांडी लावत होती ते ऐकू येत होतं. शेवटी मी तिला भिंतीवरची जुनी गिटार दिली आणि काहीही वाजव म्हणालो, मला मनगट बघायचंय.

कुठलं बोट, ते तिने सांगितलं नाही. तिने वाजवायला सुरुवात केली आणि चौथ्या-पाचव्या सुराला मला ते दिसलं. तिनेही पाहिलं की मला दिसलं. ती वाजवत राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आता काय विचारतो म्हणून.

मी काही विचारलं नाही. लाकूड निवडायला उठलो.

चारुदत्त